तीन मोटरी आणि न मिटणारं कासव

टर्नरनं एक्केचाळीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर काढली. पहिली दोन शिकण्यात गेली, शेवटची दोन शिकवण्यात, आणि मधली सदतीस नुसत्या कामात. या सदतीस वर्षांत आपला एकही जॉब परत आला नाही, असं तो सांगतो. दोन आले होते. त्यातल्या एकाचं ड्रॉइंगच चुकलेलं होतं. दुसऱ्याबद्दल तो बोलत नाही.

निवृत्तीनंतर त्यानं घराच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं, व्हाइस बसवला आणि कानशी भिंतीला टांगल्या. खिडकीजवळची अर्धी खोली मात्र बायकोची. ती बावीस वर्षं बालवाड्यांसाठी लाकडी कोडी करत आली होती. जाड फळीत पाच खाचा, प्रत्येक खाचेत एक प्राणी. मुलानं प्राणी उचलायचा आणि पुन्हा त्याच्या जागी बसवायचा. सगळं काम हातानं, बारीक करवतीवर. कासवाची पाठ वळवताना ती श्वास धरून ठेवायची, आणि त्या वेळी घरात कुणी तिच्याशी बोलत नसे.

मग तिचा उजवा अंगठा बुडाशी सुजू लागला. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पाहिला.

"सांधा झिजलाय. करवत बंद. नाही केलीत, तर वर्षभरात चहाचा कप धरता येणार नाही."

"चोवीस फळ्यांचा शब्द दिलाय शाळेला," ती म्हणाली. "शाळा उघडायच्या दिवशी हव्यात त्यांना."

"शब्द अंगठ्यानं दिला नव्हता ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येताना टर्नर म्हणाला, "मी यंत्र बनवतो. चित्र कॉम्प्युटरवर काढायचं, कापायचं काम यंत्राचं."

"तुम्हाला येतं ते?"

"यंत्र म्हणजे यंत्र. त्यात काय यायचंय?"

लोखंडाच्या कामात त्याला खरंच काही अडलं नाही. दोन महिने तो गुणगुणत होता. दांडे समांतर बसवले, टेबल घासून सपाट केलं, टेबल सरकवणारे लांब स्क्रू डायलच्या काट्यावर बघून सरळ केले. टेबल पुढंमागं, कटर धरणारं वरचं डोकं डावीउजवीकडे आणि वरखाली. हातानं चाक फिरवलं की टेबल लोण्यातून सुरी जावी तसं सरकायचं. आता चाकाच्या जागी मोटर लावायची, एवढंच राहिलं होतं. त्या "एवढंच"पाशी त्याचं घोडं अडलं.

इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवणाऱ्या बाई चष्मा कपाळावर ठेवून बोलत. त्यांनी काउंटरवर तीन चौकोनी मोटरी मांडल्या. लहान, मधली, मोठी.

"किती हॉर्सपॉवर?" टर्नरनं विचारलं.

"काका, या स्टेपर मोटरी. यांना हॉर्सपॉवर नसते. एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकतात. तुम्ही सांगाल तितकी पावलं चालतात आणि थांबतात. यांची ताकद धरून ठेवण्यात मोजतात."

"धरून म्हणजे?"

"उभी असताना. यांची सगळ्यात जास्त ताकद थांबलेल्या अवस्थेतच. जितकी जोरात पळवाल तितकी कमी होते."

टर्नर म्हणाला, "म्हणजे माझ्या मेव्हण्यासारखी. बसलेला असला की त्याच्याइतका पैलवान कुणी नाही."

बाई हसल्या. टर्नर हसला नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं. जी ताकद उभ्या मोटरीत असते, तिचा कापायला काय उपयोग? त्यानं मोठ्या मोटरीवर बोट ठेवलं.

"ही द्या. मोठी ती मोठी."

"नको. मोठी सुरू व्हायलाच जड. तुमच्या स्क्रूला मधली बरोबर. आणि प्रत्येकीला एक ड्रायव्हर लागेल."

"ड्रायव्हर तर मी आहे की!"

बाईंनी तळहाताएवढा काळा डबा पुढे केला. त्याच्या कडेला आठ चिमुकली बटणं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. "कॉम्प्युटरला जोडलेलं कार्ड हुकूम देतं, हा डबा त्या हुकमाप्रमाणे मोटरीला करंट पोचवतो. पहिल्या तीन बटणांनी करंट किती ते ठरवायचं. बाकीची पावलं बारीक करायला."

"पावलं अजून बारीक? मघाशी दोनशे म्हणालात."

"एका पावलाची आठ करता येतात."

"मग मोटरीला दोनशेच येतात की सोळाशे?"

"येतात दोनशे. चालते सोळाशे."

टर्नरनं तीन मोटरी, तीन ड्रायव्हर, एक कार्ड आणि छत्तीस व्होल्टचा सप्लाय घेतला आणि डोक्यात भुंगा घेऊन घरी आला.

संध्याकाळी त्याचा जुना दोस्त आला. हा माणूस जन्मभर जळालेल्या मोटरींना नवी तार भरत आला होता. सगळे त्याला वाइंडरच म्हणत. त्यानं मोटरीवरचं लेबल चष्म्याजवळ धरलं.

"अरे, हिच्यावर तीन व्होल्ट लिहिलंय! आणि तू छत्तीस देणार?"

"बाई म्हणाल्या द्या."

"बाईंचं काय जातंय? बारापट! धूर निघेल धूर."

टर्नर फोन घेऊन अंगणात गेला. बाईंनी समजावलं, "टाकी उंच असली म्हणून बादली फुटत नाही काका. तोटी किती उघडायची ते ड्रायव्हर बघतो. पाणी लवकर पोचायला टाकी उंच लागते. जोरात पळताना प्रत्येक पावलाला करंट लवकर पोचायला हवा ना?"

तो आत आला. वाइंडर म्हणाला, "काय म्हणाल्या?"

"टाकी म्हणाल्या. बादली म्हणाल्या."

"आणि मोटर?"

"मोटरीचं मला नीट कळलं नाही."

एकानं सांगावं पूर्व, दुसऱ्यानं पश्चिम. लेबल म्हणजे कायदा, हे टर्नर एक्केचाळीस वर्षं मानत आला होता. पण छत्तीस व्होल्ट न लावता नुसतं बघत बसण्यानं फळ्या होणार नव्हत्या. त्यानं वाइंडरला दाराबाहेर उभं केलं, एक डोळा मिटला आणि बटण दाबलं. धूर निघाला नाही. मोटर बारीक आवाजात गायला लागली आणि टेबल सरकलं. वाइंडर दारातून म्हणाला, "थांब. आज नाही तर उद्या निघेल."

दहा मिनिटांनी टर्नरनं मोटर पाहिली. पाहिली म्हणजे हात लावला.

या हाताला एक इतिहास होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाण्याच्या पंपाची मोटर त्याच्या डोळ्यांदेखत जळाली. तो समोरच उभा होता. फोरमन म्हणाला, "डोळे कशाला ठेवलेत? हात लाव हात." तेव्हापासून दर तासाला हाताची पालथी बाजू मोटरीवर टेकवायची आणि दहा मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर चालू द्यायची. नाही टिकला तर बंद. त्यानंतर त्याच्या हाताखाली एकही मोटर जळाली नाही. हे मात्र अगदी खरं आहे.

नव्या मोटरीवर त्याचा हात चारपर्यंत टिकला.

त्यानं यंत्र बंद केलं. ड्रायव्हरच्या बटणांचा तक्ता काढला आणि करंट एक-एक पायरी खाली आणत गेला. प्रत्येक पायरीला अर्धा तास चालवायचं, हात ठेवायचा, मोजायचं. दोन पूर्णांक आठ अँपिअरची मोटर शेवटी एक पूर्णांक चारवर आली, तेव्हा हात दहापर्यंत टिकला. त्यानं तिन्ही ड्रायव्हर तसेच लावले. त्या दिवशी तो छान जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्राला पेन बांधून कागदावर कासव काढून घेतलं. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. बायकोनं कागद खिडकीशी नेऊन पाहिला. "पाठ छान आलीय," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

मग पेन काढून कटर लावला आणि लाकूड धरलं. कासव पायापासून निघालं, पाठीवरून गेलं, मान वळलं आणि परत पायाशी आलं. पण पायाला मिळालंच नाही. रेघ बाजूला पडली. कासवाच्या अंगाला एक पायरी पडली होती, आणि खाचेत ते बसायचं नावच घेईना.

टर्नरनं मोजलं. एक पूर्णांक आठ मिलिमीटर.

त्यानं पुन्हा कापलं. या वेळी शून्य पूर्णांक सहा. तिसऱ्यांदा एक पूर्णांक एक. त्याच चित्राचं, त्याच लाकडाचं, दर वेळी वेगळं कासव.

यंत्र कुरकुरलं नाही, थांबलं नाही. लेथ चुकायची असली की आधी कण्हते, पट्टा घसरतो, वास येतो. ही बया तोंडातून शब्द न काढता चुकत होती.

पुढचे चार दिवस त्यानं दोष शोधण्यात घातले. स्क्रू उघडून पुसले, पुन्हा बसवले. मोटर आणि स्क्रू जोडणारी कपलिंग आवळली. दांड्यांना डायल लावला. कुठेही केसाचा ढिलेपणा नाही. आणि एक गोष्ट त्याला टोचत राहिली. त्यानं एकूण नऊ कासवं मोजली होती. चूक दर वेळी पूर्ण दशांशात यायची. सहा, अकरा, अठरा, चार. कधी साडेसहा नाही, कधी सव्वाचार नाही. ढिल्या नटाची चूक अशी मापात नसते. हे काय गौडबंगाल होतं?

"चुकतं तेही मोजून चुकतं," तो बायकोला म्हणाला.

"तुमच्याच हातचं आहे," ती म्हणाली.

शाळा उघडायला अकरा दिवस उरले होते. मोटर लहान पडत असणार, असं ठरवून तो मोठी मोटर आणायला निघाला. पिशवी विसरला म्हणून कोपऱ्यावरून परत फिरला. अंगणात पाय ठेवतो तर आतून आवाज. सर्र, सर्र. तो आवाज त्यानं बावीस वर्षं ऐकला होता.

बायको खिडकीशी बसून डाव्या हातानं करवत चालवत होती. उजव्या हाताला पट्टी, आणि त्याच हातानं फळी दाबून धरलेली. समोर अर्धा ससा.

"हे काय?"

"डावा हात आहे हा. डाव्याबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या नव्हत्या."

"आणि फळी कोणत्या हातानं दाबलीयस?"

तिनं उजवा हात फळीवरून काढला. अंगठा पट्टीतून फुगून वर आला होता. सशाचा एक कान वाकडा गेला होता, आणि तिनं तो तसाच ठेवला होता. बावीस वर्षांत तिनं वाकडा कान असा कधी ठेवला नव्हता. टर्नरला अंगठ्यापेक्षा ते जास्त लागलं.

"चार दिवस दे मला," तो म्हणाला.

"चारच. आज गुरुवार. सोमवारी संध्याकाळी एक कासव हातात द्या, नाहीतर मी आहे आणि करवत आहे. शाळेला तोंड तुम्ही दाखवणार नाही, मी दाखवणार आहे."

दुकानात त्यानं एका दमात सगळं सांगितलं. नऊ कासवं, चार दिवस, पूर्ण दशांश. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. हे त्या क्वचितच करत.

"स्क्रू एका फेऱ्यात किती सरकतो?"

"पाच मिलिमीटर."

"पावलं दोनशे. म्हणजे एक पाऊल मिलिमीटरचा चाळिसावा भाग. ही मोटर हरली की एक पाऊल नाही चुकत, चार पावलं एकदम घसरते. चार चाळिसांश म्हणजे?"

"एक दशांश," टर्नर म्हणाला.

"तुमचं लोखंड चोख आहे काका. मोटर हरतेय. आणि कार्डाला ते कळतच नाही. त्यानं पावलं मोजून हुकूम दिला, त्याच्या दृष्टीनं काम झालं. करंट कितीवर ठेवलाय?"

"एक चार."

"दोन आठच्या मोटरीला? अर्धपोटी माणसाकडून हमाली करून घेताय. का पण?"

"त्याच्या वर गेलं की हात टिकत नाही."

"कुठे टिकत नाही?"

"मोटरीवर. दहा मोजेपर्यंत."

बाईंनी मान हलवली. "ही हात ठेवायची मोटर नाही. तुमच्या लेथची मोटर ओझ्याप्रमाणे करंट खाते, म्हणून ती तापली की समजायचं, ओझं जास्त झालं. ही काम असो नसो, ठरवलेला सगळा खाते. उभी असली तरी. तापणं हा हिचा आजार नाही, स्वभाव आहे. ऐंशी डिग्रीपर्यंत काही होत नाही."

"मग बिघडली ते ओळखायचं कसं?"

"हातानं नाही ओळखता येत."

त्यानं मोठी मोटर घेतली नाही. पण बाईंचं पटलंही नव्हतं. एक्केचाळीस वर्षं ज्या हातानं एकही मोटर जळू दिली नाही, त्या हाताला एका वाक्यात खोटं कसं म्हणायचं? आणि त्याला खरं म्हणायचं, तर ती नऊ कासवं कुठे ठेवायची?

त्यानं शेवटी त्याला येत होतं ते केलं. मोजायला बसला. कापतानाचा जोर यावा म्हणून टेबलाला दोरी बांधली, ती चाकावरून सोडली आणि टोकाला लोखंडाचा ठोकळा टांगला. दुसऱ्या बाजूला डायल लावला. टेबल दोनशे मिलिमीटर जायचं, परत यायचं, असं वीस वेळा. मग डायल वाचायचा. काटा शून्यावर आला तर खरं.

एक चारवर काटा दीड मिलिमीटर चुकला. करंट दोनच्या आसपास नेल्यावर चार दशांश. प्रत्येक आकडा त्यानं तीनदा घेतला. शुक्रवार गेला, शनिवारची दुपार गेली. मग करंटची तिन्ही बटणं दोन पूर्णांक आठवर केली. वीस फेऱ्या झाल्या. काटा शून्यावर. पुन्हा वीस. शून्य. पुन्हा वीस. शून्य.

हात आपोआप मोटरीकडे गेला. दोनपर्यंत टिकला.

त्यानं वाइंडरला बोलावलं. वाइंडर येताना थर्मामीटर घेऊन आला, टोकाला तार असलेला. मोटरीला चिकटवून दोघं दोन तास समोर बसले. आकडा चढत अडुसष्टवर गेला आणि तिथे थांबला.

"जळेल का?" टर्नरनं विचारलं.

"कशानं? आतलं वार्निश एकशेतीसपर्यंत दम धरतं."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"तीस वर्षं तेच वार्निश लावतोय मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू व्होल्टचं विचारलंस. तापण्याचं कुठे विचारलंस? तू तर हात लावून मोकळा."

"व्होल्टचंही तू चुकीचंच सांगितलंस."

"ते मला अजून पटलेलं नाही," वाइंडर म्हणाला. "तीनच्या जागी छत्तीस. कुठेतरी काहीतरी आहे."

टर्नरलाही पटलं नव्हतं. टाकी, बादली, तोटी सगळं पाठ झालं होतं, पण ते मोटरीच्या आत नेऊन बसवता येत नव्हतं. मात्र काटा शून्यावर होता. आयुष्यभर त्यानं काट्याचं ऐकलं होतं. त्यानं तिन्ही ड्रायव्हर दोन पूर्णांक आठवर लावले आणि मोटरीभोवती जाळी बसवली, म्हणजे बायकोचा हात चुकून लागणार नाही. स्वतःच्या हाताबद्दल तो काही बोलला नाही.

सोमवारी दुपारी कासव निघालं. एका फळीत खाच, दुसऱ्या फळीतून तुकडा. रेघ पायापासून निघाली आणि पायाशीच येऊन मिटली. टर्नरनं कडा घासून तुकडा खाचेवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. आतली हवा फुस्स करून बाहेर गेली आणि कासव बसलं. त्यानं फळी उजेडाकडे धरली. फटीतून उजेडाचा कणही येईना. असं बसलेलं काम त्यानं उभ्या आयुष्यात चार-पाच वेळाच केलं असेल.

संध्याकाळ व्हायची वाट न बघता त्यानं ते बायकोपुढे ठेवलं.

तिनं कासवाच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग डाव्या हातानं ते उचलायला गेली. निघेना. फळी उलटी करून आपटली. तरी निघेना.

"हे निघत नाही."

"निघायचं कशाला? बसलंय ते बघ की."

"अहो, मुलांनी काढायचंय ते. काढायचं आणि बसवायचं, तोच तर खेळ. चार वर्षांचं पोर हे काय पटाशीनं काढणार?"

टर्नर खाली बसला. ही बाजू त्याच्या ध्यानातच आली नव्हती. "मग किती सैल पाहिजे?"

"हाललं पाहिजे. पण फळी तिरकी केली तर पडता कामा नये."

"आकडा सांग."

"आकडा कुठला आलाय? बावीस वर्षं करवत जाईल तेवढी फट पडायची. मी कधी मोजली नाही."

त्यानं सगळीकडून दोन दशांश कमी करून कासव कापलं. तिनं मान हलवली. मग चार. "अजून." सहा केलं तेव्हा ती म्हणाली, "आता जवळ आलंय." आठ दशांशाचं कासव खाचेत ठेवलं तेव्हा तिनं उजव्या हाताची पट्टी सोडली, अंगठा बाजूला ठेवला आणि पहिल्या दोन बोटांच्या चिमट्यानं कासव अलगद उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. चेहऱ्यावर कुठेही कळ दिसली नाही.

"हे," ती म्हणाली. "याच्यापेक्षा घट्ट नको."

टर्नरनं वहीत आठ दशांश लिहून खाली रेघ मारली. मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडायला जन्म घालवलेल्या माणसाला, आपण आठ दशांश ढिला जॉब बरोबर म्हणून लिहून ठेवतोय, हे दोनदा वाचावं लागलं. मग त्यानं हिशेब केला. एका प्राण्याला खाच धरून अठरा मिनिटं. चोवीस फळ्या, एकशेवीस प्राणी. छत्तीस तास. रोज सहा तास धरले तर सहा दिवस. हातात सात होते.

"होईल," तो म्हणाला. "करवतीचं पातं काढून ठेव."

"काढलंय मघाशीच. रंगाचे ब्रश कुठे ठेवलेत ते बघते. ब्रशला अंगठा लागत नाही फारसा." ती उठली आणि दारात थांबली. "आणि ऐका, सशाला आठ दशांश चालायचं नाही."

"का?"

"कान लांब असतात. अडकतात."

"मग सशाला किती?"

"ते कापल्यावर कळेल."

टर्नरनं नुकतीच मिटलेली वही पुन्हा उघडली, नव्या पानावर ससा लिहिलं, आणि पुढची जागा कोरी ठेवून यंत्रावर दुसरी फळी चढवली.